तेलाचा ताप

मोटारीचं इंजिन तापलं तर काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात जुन्या गाड्या धापा टाकत चढायच्या. मध्येच समोरून वाफ दिसायची. ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडायचा आणि पाण्याचा डबा घेऊन झरा शोधायला निघायचा. प्रवासी उतरून पाय मोकळे करायचे. अर्ध्या तासानं गाडी पुन्हा चढायला लागायची. यात कुणाचं फारसं बिघडत नसे. फार तर घरी पोचायला उशीर व्हायचा.

आता हेच इंजिन जमिनीपासून हजार मीटर उंचीवर तापतंय, अशी कल्पना करा. बाजूला घ्यायला रस्ता नाही, चाकाला लावायला दगड नाही आणि इंजिन एकच आहे. अशा वेळी ताप किती, तो कशामुळे चढला आणि उतरवायचा कसा, हे आधीपासून ठाऊक असावं लागतं. छोट्या विमानाच्या वैमानिकाला ही खबर देणारा एक लहानसा काटा समोरच्या फळीवर असतो. इंजिनातल्या तेलाच्या तापमानाचा काटा. आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसानं या विषयात का शिरावं, असं तुमच्या मनात येईल. कारण घरगुती आहे. माझी भाची वैमानिक व्हायला निघाली आणि तिची जाडजूड पुस्तकं आमच्या घरी मुक्कामाला आली. मी आपला बी.ए. झालेला मामू. समजलं तेवढं वाचलं, अडलं ते ती सुट्टीवर आली की विचारलं. एकदा तिनंच मला प्रश्न टाकला, "मामू, सांगा बघू, इंजिन सुरू केल्यावर मी सगळ्यात आधी कुठला काटा बघते?" मी म्हणालो, "पेट्रोलचा." ती हसली. म्हणाली, "तेलाच्या दाबाचा. आणि मग खाली उतरेपर्यंत दर थोड्या वेळानं तेलाच्या तापमानाचा. पेट्रोल किती आहे ते मी निघण्याआधी डोळ्यांनी बघितलेलं असतं. तेल आत काय सोसतंय, ते मात्र काट्याशिवाय कळत नाही." तिथून हे कुतूहल लागलं, ते आजतागायत आहे.

आपल्याकडच्या प्रशिक्षण केंद्रांत नेहमी दिसणारं विमान म्हणजे सेस्ना १७२. चार माणसांचं, एका पंख्याचं. त्याच्या 'एस' या प्रकारात लायकॉमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं, १८० अश्वशक्तीचं इंजिन असतं. या इंजिनात मोटारीसारखं पाणी नसतं. पाणी म्हटलं की त्याचं वजन आलं, रेडिएटर आला, नळ्या आल्या, गळती आली. म्हणून अशा विमानांची इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. सिलिंडरभोवती पातळ पातळ पाती काढलेली असतात. पुढून शिरणारा वारा पत्र्याच्या आडोशांनी आणि रबरी पट्ट्यांनी वळवून या पात्यांमधून नेतात आणि खालून बाहेर सोडतात.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा पंखा फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची बाहेर टाकावी लागते. त्यातली बरीच धुराबरोबर जाते, काही सिलिंडरच्या पात्यांवरून वारा घेऊन जातो. पण इंजिनाच्या पोटात अशा जागा आहेत की जिथे वारा पोचूच शकत नाही. पिस्टनचा खालचा भाग, क्रँकशाफ्टची बेअरिंगं, कॅमशाफ्ट. तिथे फक्त तेल पोचतं. तेल म्हणजे वंगण, एवढंच आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात ते दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवतं, आतली घाण गोळा करून गाळणीपर्यंत नेतं, गंजापासून राखतं आणि या सगळ्याबरोबर उष्णतेची हमाली करतं. सेस्ना १७२ एसच्या तळाच्या टाकीत हे तेल जास्तीत जास्त ८ क्वार्ट, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास मावतं. ५ क्वार्टपेक्षा कमी असेल तर उडू नये, असं विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. तेल कमी म्हणजे हमाल कमी. ओझं तेवढंच, मग उरलेल्यांवर जास्त भार येतो आणि ते लवकर तापतात.

हे तेल वैमानिकाला किती मोलाचं असतं, याची एक नोंदलेली हकिकत आहे. १५ मे १९३५ रोजी 'सदर्न क्रॉस' नावाचं तीन इंजिनांचं विमान टपाल घेऊन ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडकडे निघालं होतं. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ चालवत होते, पी. जी. टेलर दिशा दाखवत होते, जॉन स्टॅनेज रेडिओवर होते. समुद्रावर असताना मधल्या इंजिनाच्या धुराड्याचा तुकडा सुटला आणि उजव्या पंख्यावर आदळला. उजवं इंजिन बंद करावं लागलं. विमान माघारी वळवलं, तर डावं इंजिन तेल जाळायला लागलं आणि त्याचा दाब उतरू लागला. तेव्हा टेलर उडत्या विमानातून बाहेर पडले, पंखाखालच्या दांड्यावरून सरकत बंद इंजिनापर्यंत गेले आणि त्यातलं तेल थर्मासच्या भांड्यात काढून घेतलं. ते चामडी पेटीत साठवलं आणि मग दुसऱ्या बाजूला जाऊन डाव्या इंजिनात ओतलं. अशा खेपा त्यांना पुन:पुन्हा कराव्या लागल्या. विमान सुखरूप परतलं. टेलरना पुढे जॉर्ज क्रॉस हा सन्मान मिळाला. पेट्रोल भरपूर होतं, इंजिन चालत होतं. जीव टांगणीला लागला तो काही भांडी तेलासाठी.

तेलाचा स्वभाव आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. थंडीत बाटलीतून जड उतरणारं तेल कढईत तापलं की पाण्यासारखं वाहतं. विमानात जे जाड तेल वापरतात, ते ४० अंश सेल्सियसला जेवढं दाट असतं, त्याच्या सुमारे दहावा भागच दाटपणा १०० अंशांना उरतो. दाट असताना ते अरुंद वाटांमधून वेळेवर पोचत नाही. फार पातळ झालं तर धातूंच्या मधला त्याचा पडदा विरळ होतो, आणि तो फाटला की धातू धातूवर घासतो. म्हणजे तेल थंड असून चालत नाही आणि फार तापूनही चालत नाही. त्याला मधल्या पट्ट्यात ठेवणं, हेच सगळं काम.

यासाठी इंजिनाला एक छोटा कूलर जोडलेला असतो. दिसायला मोटारीच्या रेडिएटरचं पिल्लू. त्याच्या जाळीतून वारा वाहतो आणि आतलं तेल निवतं. पण सकाळी इंजिन नुकतं सुरू झालेलं असताना तेल निववायचं नसतं, उलट ऊब आणायची असते. म्हणून वाटेवर एक तापमानावर चालणारी झडप बसवतात. तेल थंड असेपर्यंत ती उघडी असते आणि तेल कूलरला वळसा घालून थेट इंजिनात जातं. तेल ८५ अंशांच्या आसपास पोचलं की झडपेचा आतला भाग फुगून लांबतो, आडवाट बंद होते आणि तेलाला कूलरमधूनच जावं लागतं. यात ना वीज, ना बटण. ही झडप नीट बसेनाशी झाली, तिच्या बैठकीत कचरा अडकला, तर तेल कूलरला टाळून गरमच फिरत राहतं आणि वैमानिकाला कारण कळत नाही.

कूलर पार करून, गाळणीतून निघून इंजिनात शिरणाऱ्या तेलाचं तापमान काटा दाखवतो. म्हणजे निवलेल्या तेलाचं. पुढे बेअरिंगांत आणि पिस्टनखाली ते याहून बरंच तापतं. या इंजिनाला ८२ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. ११८ अंशांना, म्हणजे २४५ फॅरेनहाइटला लाल रेघ आहे. तिच्या पुढे जायचं नाही.

या काट्याची आणखी एक खोड समजून घ्यायला हवी. तो सावकाश हलतो. तवा आणि देग यांच्यात जो फरक आहे तोच इथे आहे. आच वाढवली की तवा लगेच तापतो आणि उतरवला की लगेच निवतो. बिर्याणीची देग मात्र तापायलाही वेळ घेते आणि आच बंद केल्यावरही दम धरून राहते. सिलिंडरच्या डोक्याचं तापमान तव्यासारखं आहे, तेलाचं देगेसारखं. विमान पूर्ण ताकदीनं चढायला लागलं की तेलाचा काटा काही मिनिटं शांत असतो आणि मग चढू लागतो. उपाय केल्यावरही तो लगेच उतरत नाही. म्हणून लाल रेघेपाशी आल्यावर जागं होऊन उपयोग नाही. तो कुठे आहे यापेक्षा कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं चाललाय, ते बघायचं.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. मे महिन्यात विदर्भात पारा ४३ ते ४५ अंशांवर जातो, हे सांगायला नको. सेस्नाच्या तेलमापकावर हिरवा पट्टा ३८ अंशांपासून सुरू होतो. म्हणजे नागपूरला भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या विमानाचं तेल इंजिन सुरू करण्याआधीच हिरव्यात असतं! ऐकायला गंमत वाटते, पण पुढची गोष्ट गमतीची नाही. ही विमानं अमेरिकेतल्या ज्या जुन्या नियमांखाली मंजूर झाली, त्यांत इंजिन थंड राहतं की नाही याची चाचणी समुद्रसपाटीला निदान १०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियस इतकी गरम हवा धरून करायची अट होती. उंचीबरोबर हा आकडा कमी होत जातो. आपल्या उन्हाळ्यातली दुपार तो सहज ओलांडते. बाहेरची हवा जितके अंश वाढेल, साधारण तितकेच अंश तेलही वाढेल, असा हिशेब त्याच नियमांत धरलेला आहे. म्हणजे लाल रेघेपर्यंतची जी मोकळी जागा कारखान्यानं ठेवली, त्यातली काही आपल्या हवेनंच खाऊन टाकलेली असते.

शिवाय गरम हवा विरळ असते. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे. पण ४३ अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की विमान जणू १,४०० मीटर उंचीवरून उडतंय असं वागतं. म्हणजे नागपूरला बसून महाबळेश्वरवरून उड्डाण! पंखांना कमी हवा मिळते, इंजिनाला कमी हवा मिळते आणि कूलरमधूनही कमी हवा जाते. विमान हळू चढतं. हळू चढतं म्हणून पूर्ण ताकद जास्त वेळ द्यावी लागते. जास्त वेळ ताकद दिली की तेल आणखी तापतं. एकाची झळ दुसऱ्याला लागत जाते.

मग वैमानिक करतो काय? त्याच्या हातात जादूची कळ नसते. काही विमानांत इंजिनाच्या झाकणाखालचे झरोके उघडता येतात. सेस्ना १७२ एसमध्ये तेही नाहीत. जे आहे ते साधं आहे. निघण्याआधी तेलाची पट्टी काढून पातळी बघायची. पुढच्या झरोक्यांत चिमणीचं घरटं, काडीकचरा, चिंधी नाही ना, हे वाकून बघायचं. रबरी पट्टी फाटली असेल तर वारा पात्यांमधून जाण्याऐवजी फटीतून निसटतो, म्हणून तिच्यावरही नजर टाकायची. इंजिन सुरू झाल्यावर धावपट्टीच्या कडेला उगाच ताटकळत राहायचं नाही. उभं राहणं भागच असेल तर नाक वाऱ्याकडे करायचं, कारण जमिनीवर इंजिनाला पंख्याचा वारा पुरेसा मिळत नाही.

खरी परीक्षा चढताना होते. नाक वर, वेग कमी, ताकद पूर्ण. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. तेल तापू लागलं तर सगळ्यात पहिला उपाय म्हणजे नाक थोडं खाली घ्यायचं. वेग वाढतो, वारा वाढतो. उंची सावकाश मिळते, पण मिळते. तेवढ्यानं भागलं नाही तर काही मिनिटं सरळ उडायचं, ताकद जरा कमी करायची, तेल निवू द्यायचं आणि मग पुढचा टप्पा चढायचा. घाटात बैल थकले की गाडीवान जसा सपाटीवर जरा विसावा देतो, तसंच. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वैमानिकाला हातानं कमी-जास्त करता येतं. पूर्ण ताकदीला पेट्रोल वाचवायच्या नादात ते वाजवीपेक्षा विरळ केलं तर इंजिन जास्त तापतं. चढणीवर अशी काटकसर महागात पडते.

आणि हे करूनही काटा उतरला नाही तर? तेव्हा शेजारच्या काट्याकडे बघायचं. तापमान आणि दाब हे दोन काटे शेजारी असतात, ते उगाच नाही. तेल खरोखरच फार तापलं असेल तर ते पातळ होतं, आणि पातळ तेलाचा दाब उतरतो. तापमान चढतंय आणि दाब उतरतोय, अशी जोडी दिसली तर इंजिन बंद पडण्याच्या बेतात आहे असं समजावं, ताबडतोब ताकद कमी करावी आणि उतरायला जागा शोधावी, असं विमानाची पुस्तिका स्पष्ट सांगते. दाब कमी दिसतोय पण तापमान नेहमीचं आहे, तर कदाचित मापकच बिघडला असेल किंवा दाब सांभाळणारी झडप. तरीही जवळच्या विमानतळावर उतरून खात्री करावी, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

माझ्या भाचीवर एकदा असाच प्रसंग आला. एप्रिलमधली सकाळ. ती एकटीच दुसऱ्या गावच्या धावपट्टीकडे निघाली होती. निघून वीसेक मिनिटं झाली आणि तेलाचा काटा नेहमीची जागा सोडून लाल रेघेकडे सरकू लागला. दाबाचा काटा जागच्या जागी होता. आवाज नेहमीसारखा. तिनं चढणं थांबवलं, ताकद कमी केली, पाच मिनिटं वाट बघितली. काटा हलेना. ती माघारी फिरली आणि उतरली. तिच्या त्या दिवसाच्या उड्डाणाचे तास गेले, पैसे गेले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नसते. एकेका तासाचे पैसे घरच्यांनी कसे उभे केले आहेत, ते तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

इंजिनिअरनं तेल मोजलं, बरोबर होतं. कूलर स्वच्छ होता. गाळणी कापून बघितली, धातूचा कीस नव्हता. शेवटी त्यानं तापमानाचा संवेदक काढून गरम पाण्यात बुडवला आणि शेजारी थर्मामीटर धरला. मापक पंधराएक अंश जास्त दाखवत होता. म्हणजे तेल ठीक होतं, काटा खोटं बोलत होता. संवेदक बदलला आणि विमान दुसऱ्या दिवशी उडालं. बरोबरीची मुलं तिला चिडवू लागली, "दाब बरोबर होता ना, मग घाबरलीस कशाला?" घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी काय समजूत घालणार! तिच्या इन्स्ट्रक्टरनंच ते काम केलं होतं. ते म्हणाले होते, "काटा खोटा आहे, हे आपल्याला जमिनीवर कळलं. वर असताना तुला ते कळायला काय मार्ग होता? दाब अजून उतरला नाही याचा अर्थ उतरणारच नाही, असा होत नाही."

मी या उत्तरावर बराच विचार केला. आपण सहसा निर्णयाची पारख परिणामावरून करतो. काही निघालं तर शहाणपणा, काही निघालं नाही तर भित्रेपणा. पण निर्णय घेणाऱ्याच्या हातात त्या क्षणी जेवढी माहिती असते, तेवढ्यावरच त्याची पारख व्हायला हवी. एकच इंजिन असलेल्या विमानात शंकेचा फायदा इंजिनाला देता येत नाही. तिचे गेले ते काही हजार रुपये. काटा खरा असता आणि तिनं तो खोटा मानला असता, तर काय गेलं असतं, ते बोलायला नको.

आतापर्यंत आपण उष्णतेचं बोललो. पण तेल थंड राहण्याचे तोटे अधिक छुपे आहेत. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं तर जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपानं निघतं. बहुतेक धुराबरोबर जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांच्या फटींतून खाली तेलात उतरते. तेल पुरेसं आणि पुरेसा वेळ तापलं तर हे पाणी वाफ होऊन उडून जातं. नाही तापलं तर तेलातच राहतं, जळणातल्या इतर पदार्थांशी मिळून आम्लं तयार करतं आणि पोलादाला गंज चढवतं. लायकॉमिंगच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

म्हणून कंपनीची सूचना अशी आहे की विमान दर ३० दिवसांत निदान एकदा, सलग तासभर उडवावं, आणि त्या वेळी तेल ७४ ते ९३ अंशांच्या दरम्यान असावं. अनेक मालक काय करतात, तर विमान हँगरबाहेर काढून दहा मिनिटं इंजिन चालवतात आणि परत ठेवून देतात. त्यांना वाटतं, आपण इंजिनाची काळजी घेतली. प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांत पाणी आत शिरतं आणि बाहेर काढण्याइतका ताप तेलाला येतच नाही. यापेक्षा न चालवलेलं बरं.

आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवाच भिजलेली असते, तिथे हा प्रश्न अधिक बोचतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ हे छोटं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. त्यांचंही इंजिन वाऱ्यावरच थंड होणारं होतं. पुढे जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई म्हणून या सेवेचा मुक्काम त्या दिवसांत पुण्याला हलवावा लागे. पाऊस धावपट्टी अडवतो हे डोळ्यांना दिसतं. तो उभ्या विमानाच्या इंजिनातही काम करत असतो, ते दिसत नाही.

एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलामुलींनी ज्या मायक्रोलाइट विमानांतून उड्डाण केलं, त्यांपैकी अनेकांना रोटॅक्स ९१२ हे ऑस्ट्रियात बनणारं इंजिन असतं. त्याच्या पुस्तिकेतही हीच काळजी दिसते. उड्डाणाआधी तेल निदान ५० अंशांपर्यंत यायला हवं. आणि उडण्याच्या दिवशी एकदा तरी ते १०० अंशांपर्यंत तापावं, म्हणजे साचलेलं पाणी उकळून जाईल. थोडक्यात, तेलाला रोज एकदा ताप यावा, अशी कारखान्याचीच इच्छा आहे.

खऱ्या थंडीची कहाणी आपल्याकडची नाही, अलास्काची आहे. १९२०-३०च्या दशकांत तिथले वैमानिक बर्फावर उतरले की इंजिन गरम असतानाच त्यातलं सगळं तेल डब्यात काढून घेत आणि झोपडीत शेकोटीजवळ ठेवत. सकाळी इंजिनावर जाड कापडाची खोळ चढवत, खाली शेगडी पेटवून ते ऊबवत, मग गरम तेल ओतत आणि लगोलग इंजिन सुरू करत. तेल इंजिनातच राहिलं तर सकाळी ते डांबरासारखं झालेलं असे. अशा थंडीत एक उलटाच प्रकारही घडतो. कूलरमधलं तेल गोठून वाट अडते, गरम तेल त्यातून जाऊ शकत नाही आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना आत तेलाचा काटा चढायला लागतो. तिथे उपाय कूलरला आणखी वारा देण्याचा नसतो, तर त्याच्यावर झाकण लावण्याचा असतो. काटा एकच, आकडा एकच, पण कारण वेगळं म्हणून औषधही वेगळं. घरात कुणाला ताप आला तर आपला हकीमही आधी नाडी बघतो, मग पुडी बांधतो.

मराठीत 'ताप' या शब्दाला आजाराचा वास आहे. विमानाच्या इंजिनाकडे बघून मला वाटलं, आपण या शब्दावर थोडा अन्याय करतो. मोजका ताप नसेल तर आतलं पाणी जात नाही, आणि अमाप झाला तर पडदा फाटतो. मधलं अंतर राखायला फार मोठी विद्या लागत नाही. सकाळी वाकून झरोक्यात बघण्याची सवय लागते, दर काही मिनिटांनी एका काट्याकडे नजर टाकण्याची शिस्त लागते, आणि पैसे, वेळ, मित्रांची थट्टा हे सगळं बाजूला ठेवून माघारी वळण्याची तयारी लागते.

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी राहणाऱ्यांना उन्हाळ्यात एक गोष्ट दिसत असेल. शिकाऊ विमानांची घरघर पहाटे उजाडता उजाडता सुरू होते आणि ऊन चढेल तशी ओसरत जाते. मुलांना लवकर सुट्टी हवी असते म्हणून ते नव्हे. सकाळची हवा दाट असते, ती पंखांना उचलून धरते, इंजिनाला श्वास देते आणि तेलाच्या कूलरमधून जाताना त्याची थोडी उष्णता घेऊन जाते. दुपारी तीच हवा हे काम अर्ध्या मनानं करते. म्हणून शहाणे लोक तिच्याशी हुज्जत घालत नाहीत. सकाळीच उडून येतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)